न गिळलेला घास

१

सोमवारी सकाळी आंबट संत्र्याच्या झाडाखाली बोशनी मरून पडलेला सापडला, आणि नऊ वाजायच्या आत खुनी कोण हे सगळ्या याशकाल गावाने ठरवूनही टाकलं.

बोशनी हा दोन्या मार्सियानाचा, म्हणजे मार्सियानाबाईंचा, कुत्रा. काळ्या नाकाचा, हडकुळा, अंगणातल्या सगळ्यांवर हक्काने भुंकणारा. नर्स ओब्दुलिया आली तेव्हा त्याच्यावर कुणीतरी मक्याचं रिकामं पोतं टाकलं होतं, आणि दोन्या मार्सियाना झोपाळ्यात बसून, गालातलं चुइंगगम एका बाजूला सारत, जमलेल्या बायकांना पाचव्यांदा तीच हकिकत सांगत होती.

"कालचं दुपारचं ताट माझं होतं, नर्सबाई! काळ्या घेवड्याचं कालवण. माझ्या पोटात आधीच कळ आली होती, म्हणून मी ते बोशनीपुढे सरकवलं आणि परसात पळाले. परत येते तो काय, कुत्रा दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खातोय. मग पडला, पाय झाडायला लागला. आज सकाळी थंड! ते सगळं माझ्या नशिबी होतं."

"ताट कुणी वाढलं होतं?" ओब्दुलियाने विचारलं. उत्तर ठाऊक असूनही विचारलं.

"कोण वाढणार? आमच्या सूनबाई!" दोन्या मार्सियानाने पदराने डोळे टिपावेत तसे झग्याच्या कशिद्याने डोळे टिपले. "पाच महिने मला झिजवतेय ती. चौदा किलो उतरले मी. दिवसातून आठ-आठ वेळा परसाकडे. परवा मुलाने आणलेली चुइंगगमची नवी बरणीसुद्धा कुठे लपवली कोण जाणे. एवढासा विरंगुळा, तोही बघवत नाही तिला."

मुलगा विल्बेर दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. समुद्रकाठच्या कानकून शहरातल्या एका हॉटेलात तो चादरी धुण्याच्या कामावर होता. दर पंधरा दिवसांनी शनिवारी घरी यायचा. त्याने ओब्दुलियाकडे पाहिलं नाही.

"लांदी कुठे आहे?" तिने त्याला विचारलं.

"तिला तिच्या आईकडे जायला सांगितलंय."

"तिचं काय म्हणणं आहे?"

"विचारलं नाही," विल्बेर म्हणाला.

तेवढ्यात गावप्रमुख इसाउरो आला. त्याने ओब्दुलियाला बाजूला घेतलं. "बाई, विषाचा मामला आहे. शुक्रवारी पोलिसांची गाडी गावात येते. तक्रार लिहून दिली की ते पोरीला घेऊन जाणार, आणि एकदा नेली की कधी सुटेल देव जाणे. तुम्ही एकतीस वर्षं या गावाची पोटं तपासताय. शुक्रवारपर्यंत काय ते बघा."

ओब्दुलियाने मान डोलावली. पाच महिने दोन्या मार्सियाना तिच्याच वजनकाट्यावर चढत होती, आणि दर वेळी काटा खाली येताना तिने नुसता पाहिला होता.

२

लांदी गाडीच्या थांब्यावर बसली होती. पायाशी कापडी पिशवी, डोळे कोरडे. रडून संपलेल्या माणसाचे असतात तसे. ओब्दुलिया तिला आपल्या दवाखान्यात घेऊन आली, गार पाणी दिलं आणि पंख्याखाली बसवलं.

"नर्सबाई, तुम्हालाही तेच वाटतंय का?"

"मला काय वाटतं ते नंतर. आधी तुझं ऐकू दे. सासूशी भांडण होतं तुझं?"

"होतं. सगळ्या गावाला माहितीये, मी कशाला लपवू? मला कानकूनला नवऱ्याजवळ राहायचं होतं. ती म्हणाली, मी मेल्यावर जा. मी पण रागात म्हणाले, मग तेवढी वाट बघते." ती क्षणभर थांबली. "बोलून गेले. तेव्हा एर्मिलामावशी तिथेच होती. आता तेच वाक्य घरोघर फिरतंय."

एर्मिला ही दोन्या मार्सियानाची धाकटी बहीण. कुंपणापलीकडेच राहायची. दोघींच्या घरांमधली जागा कुणाची यावरून बहिणींचं वर्षानुवर्षं वाजत होतं, तरी एर्मिला रोज सकाळी मक्याची पातळ पेज घेऊन बहिणीकडे यायची.

"काल दुपारचं नीट सांग. ताट कुठून वाढलंस?"

"एकाच पातेल्यातून. मी, विल्बेर, सगळ्यांनी तेच खाल्लं. तिचं मीठ तेवढं कमी, म्हणून ताट वेगळं."

"म्हणजे त्या ताटात वेगळं काही घालता आलं असतं."

"आलं असतं," लांदी मान खाली घालून म्हणाली. "पण मी घातलं नाही."

"बोशनीने ताट चाटूनपुसून खाल्लं?"

"कुठलं! दोन-चार घास खाल्ले आणि झोपाळ्याकडे पळाला. नंतर ओकला. ती ओकारी मीच धुतली. विचित्र वास होता, नर्सबाई. दात घासायच्या पेस्टसारखा."

ओब्दुलियाची पेन्सिल थांबली. "आणि ताटात उरलेलं कालवण?"

"ते कोंबड्यांनी संपवलं."

"किती कोंबड्यांनी?"

"पाच."

"त्या कशा आहेत?"

लांदीने पहिल्यांदाच वर पाहिलं. हा प्रश्न आपल्याला कसा सुचला नाही, असं काहीतरी तिच्या चेहऱ्यावर आलं. "आज पहाटे मीच दार उघडलं त्यांचं," ती सावकाश म्हणाली. "पाचही टुणटुणीत आहेत. तीन अंडी दिली."

३

म्हणजे कालवण निर्दोष होतं. पण हे गावाला पटणार नव्हतं. कोंबडीचं पोट दगडाचं असतं, असं कुणीही म्हणालं असतं. शिवाय कुत्रा एका दिवसात मेला होता. दोन्या मार्सियाना पाच महिने झिजत होती. ते कशाने?

ओब्दुलियाने वजनांची वही काढली. मधुमेहाच्या रुग्णांना ती दर मंगळवारी बोलवायची. दोन्या मार्सियानाचा मधुमेह फेब्रुवारीत सापडला. मार्चपासून वजन उतरायला लागलं. पहिले दोन किलो उतरले तेव्हा ओब्दुलियानेच तिची पाठ थोपटली होती. पुढचे उतरले तेव्हा काळजी वाटली, औषध बदललं, तपासण्या केल्या. काही निघालं नाही.

मात्र वहीत दोन जागी काटा वर चढला होता.

एकदा जुलैत. तेव्हा दोन्या मार्सियाना नऊ दिवस शहरातल्या मोठ्या दवाखान्यात होती. तिथे जुलाब थांबले, घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी पुन्हा सुरू झाले. गावाने याचा अर्थ लगेच लावला होता: सुनेच्या हातचं सुटलं की बरी, सुनेच्या हातचं लागलं की आजारी.

पण दुसरी वेळ जूनमधली होती. पुराने रस्ता वाहून गेला आणि तीन आठवडे गावात एकही गाडी आली नव्हती तेव्हाची. त्या काळात दोन्या मार्सियाना घरातच होती, लांदीच रांधत होती, आणि तरीही वजन दीड किलोने वाढलं होतं.

"मग लांदी नाही," ओब्दुलिया स्वतःशीच मोठ्याने म्हणाली.

ती एर्मिलाकडे गेली. एर्मिला तव्यावर मक्याच्या भाकऱ्या भाजत होती. प्रश्न ऐकून तिने हातातली भाकरी तशीच धरली.

"पुराच्या वेळी? रोज नेली मी पेज. गुडघाभर पाण्यातून नेली. जागेसाठी मी तिच्याशी जन्मभर भांडेन, बाई, पण ती मेली तर भांडू कुणाशी?"

मग एर्मिलाही नाही. पेज चालू असतानाच ती बरी झाली होती.

जाता जाता एर्मिला कुंपणाकडे बोट दाखवत म्हणाली, "त्या निकासिओला विचारा. त्याचा काढा चालू आहे तिला मार्चपासून. आणि पुराच्या वेळी तो जंगलात अडकला होता."

ओब्दुलिया जागीच थबकली. मार्चपासून काढा. पुरात काढा बंद. शहरातल्या दवाखान्यातही काढा बंद. सगळं कुलुपात किल्ली बसावी तसं बसत होतं.

४

तात निकासिओ सत्तरीचा. तरुणपणी दोन्या मार्सियानाच्या नवऱ्याबरोबर चीक काढायला जंगलात जायचा. चिकूच्या उंच झाडांवर दोर लावून चढायचं, कोयत्याने सालीवर नागमोडी घाव घालायचे आणि खाली पिशवीत पांढरा चीक उतरताना बघायचा. नवरा अशाच एका झाडावरून पडून गेला. तेव्हापासून तात निकासिओ त्या घराला आपलं समजायचा.

त्याने शांतपणे सगळं ऐकलं आणि एक पेला भरून ओब्दुलियापुढे ठेवला. दुसरा स्वतः पिऊन टाकला.

"पेरूची पानं आहेत, बाई. जुलाब थांबायला देत होतो. उपयोग झाला नाही तेव्हा तीन आठवड्यांपूर्वी बंद केला. तिलाच विचारा."

"तीन आठवडे बंद? आणि जुलाब?"

"तसेच चालू. म्हणून तर बंद केला. खोटं औषध देत राहायला लाज वाटते."

किल्ली कुलुपातून निसटली. ओब्दुलिया त्याच्याजवळच बाकावर बसली.

"दोन्या मार्सियाना तोंडात सारखं काहीतरी चघळत असतात," ती म्हणाली. "पहिल्यापासूनच?"

"पोर होती तेव्हापासून. आम्ही सगळेच. नवरा तिला कढवलेला कोरा चीक आणून द्यायचा, दिवसभर गालात. त्याला ना चव ना गोडी. आता मुलगा ते शहरातलं पांढरं चौकोनी चुइंगगम आणतो, गुळगुळीत. मला एक दिलं होतं. तोंड एकदम गार पडलं, पेस्ट खाल्ल्यासारखं."

ओब्दुलिया उठली ती थेट दोन्या मार्सियानाच्या अंगणात. झोपाळ्याखाली काही नव्हतं. चुलीमागेही नव्हतं. कपडे धुण्याच्या लाकडी परातीमागे, जिथे बोशनी हाडं लपवायचा, तिथे ती ओणवी झाली आणि हात घातला.

हाताला निळी प्लास्टिकची बरणी लागली. झाकण चावून चेंदामेंदा झालेलं. आत एकही वडी शिल्लक नव्हती.

तिने अंगणात उन्हात उभं राहून, चष्मा कपाळावरून खाली ओढून, बरणीवरची बारीक अक्षरं दोनदा वाचली. मग दवाखान्यात येऊन शहरातल्या गुरांच्या डॉक्टरला फोन लावला. बोलणं चार मिनिटांत आटोपलं. फोन ठेवून ती थेट इसाउरोकडे गेली.

"कुत्र्याचं कळलं," ती इसाउरोला म्हणाली. "पण मी आत्ता बोलले तर लोक म्हणतील नर्सबाई सुनेला वाचवतेय. मला तीन दिवस हवेत. आणि लांदी त्या घरात परत हवी, चुलीपाशी."

"वेड लागलंय का तुम्हाला?" इसाउरो ओरडला. "ती म्हातारी तिच्या हातचं पाणी घेणार नाही!"

५

घेतलंच नाही. मंगळवारी दुपारी लांदीने ताट समोर ठेवलं तशी दोन्या मार्सियानाने तोंड फिरवलं.

"मला तुमच्या दवाखान्यात न्या, नर्सबाई. तिथे बरी होईन मी."

"तेच तर नकोय मला," ओब्दुलिया म्हणाली. "तिथे तुम्ही बऱ्या झालात की ही पोर तुरुंगात जाईल. तुम्हाला इथेच बरं व्हायचंय. हिच्याच हातचं खाऊन."

ती जमिनीवर बसली, ताट मधोमध ओढलं आणि भाकरीचा तुकडा कालवणात बुडवून आधी स्वतः खाल्ला. मग अर्धा दोन्या मार्सियानापुढे धरला. "आता मी मेले तर दोघी मरू. चला."

अट एकच होती. लांदीने रांधलेलं सोडून तोंडात दुसरं काहीही घालायचं नाही. पेज नाही, काढा नाही, चुइंगगम नाही. उरलेल्या बरण्या ओब्दुलियाने पिशवीत भरून नेल्या. दोन्या मार्सियाना कुरकुरली. "ते का खाण्यात मोडतं? मी कुठे गिळते ते?" मंगळवारी संध्याकाळी तिचं तोंड इतकं रिकामं रिकामं झालं, की ती झोपाळ्याची दोरी चावायला लागली.

मंगळवारी परसाकडे सात वेळा. बुधवारी चार. प्रत्येक जेवणाला ओब्दुलिया दवाखाना बंद करून यायची आणि एकाच ताटात जेवायची. विल्बेरने हॉटेलातून रजा वाढवून घेतली होती. तो कोपऱ्यात बसून दोघींना खाताना बघायचा आणि लांदीकडे बघायचं टाळायचा. लांदी कुणाशीच बोलत नव्हती. वाढायची, आवरायची आणि विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसायची.

गुरुवारी सकाळी दोन्या मार्सियाना उशिरा उठली. अंगणात आली, सूर्याकडे बघितलं आणि चकित होऊन म्हणाली, "आज अजून एकदाही गेले नाही."

त्या दुपारी तिने तीन भाकऱ्या खाल्ल्या.

६

शुक्रवारी सकाळी ओब्दुलियाने सगळ्यांना अंगणात बोलावलं. इसाउरो, एर्मिला, तात निकासिओ, विल्बेर, लांदी. कुंपणाबाहेर अर्धं गाव.

"तीन दिवस सुनेच्या हातचं खाल्लं," ती म्हणाली. "तरी जुलाब थांबले. काढा आधीच बंद होता. पेज तर पुरातही चालू होती. मग बंद झालं ते काय? पुराच्या वेळी गाडी नव्हती, म्हणून विल्बेर आला नाही. आणि विल्बेर आला नाही म्हणून काय आलं नाही?"

दोन्या मार्सियानाचा हात आपोआप झग्याच्या रिकाम्या खिशाकडे गेला.

ओब्दुलियाने चावलेली निळी बरणी विल्बेरच्या हातात दिली. "तू वाच. मोठ्याने."

विल्बेरने वाचलं. सॉर्बिटॉल. झायलिटॉल. अडखळत, न कळता. मग खालची ओळ आली तेव्हा त्याचा आवाज बसला. "अति सेवनाने... जुलाब होऊ शकतात."

"साखरेऐवजी घालतात हे गोडीचे पदार्थ," ओब्दुलिया म्हणाली. "माणसाला ते विष नाहीत. जेवणानंतर एखाद-दुसरी वडी चघळली तर दातांना बरंच. पण हे पदार्थ पोटात नीट शोषले जात नाहीत. आतड्यात पाणी ओढून घेतात. दोन्या, तुम्ही वडी गिळत नव्हता, पण तिचा गोडवा लाळेबरोबर गिळत होता. दिवसाला किती व्हायच्या?"

"पाच... सहा."

"सव्वीस," लांदी म्हणाली. आठवड्यात पहिल्यांदाच ती सगळ्यांसमोर बोलली होती. "झोपाळ्याच्या खांबाला चिकटवलेल्या रोज मीच खरवडते. कधी तीस."

एर्मिलाने तोंडावर हात ठेवला. दोन्या मार्सियाना पुटपुटली, "चीक तर मी जन्मभर चघळला. त्याने कधी..."

"कोऱ्या चिकात हे काही नसतं. म्हणून तुम्हालाही शंका आली नाही. मी दर मंगळवारी विचारायचे, काय खाता? तुम्ही सगळं सांगायचात, हे सोडून. कारण हे तुमच्या लेखी खाणंच नव्हतं. शहरात तुम्हाला नऊ दिवस सलाइन होतं, तोंडात काही ठेवू देत नव्हते. म्हणून तिथे बऱ्या झालात."

"आणि बोशनी?" इसाउरोने विचारलं.

"यातल्या झायलिटॉलने माणसाला फारसं काही होत नाही, पण कुत्र्याच्या रक्तातली साखर एकदम कोसळते. झोकांड्या, झटके, मग यकृत. दोन्या परसात गेल्या तेव्हा त्याने बरणी पळवली आणि फस्त केली. ओकारीला पेस्टचा वास होता तो म्हणूनच. गुरांच्या डॉक्टरने मला फोनवर पहिलाच प्रश्न विचारला, घरात बिनसाखरेचं चुइंगगम आहे का?"

विल्बेर बरणीकडे बघत उभा होता.

"मी आणायचो," तो म्हणाला. "दर वेळी सहा बरण्या. आईला गोड सोडावं लागलं, तिचा जीव रमावा म्हणून. मी... मीच."

"नाही," ओब्दुलिया म्हणाली, आणि तिचा आवाज आता पहिल्यासारखा ठाम नव्हता. "फेब्रुवारीत मीच त्यांना म्हणाले होते, गोड खावंसं वाटलं की बिनसाखरेचं काहीतरी चघळा. किती, ते सांगायला विसरले. पाच महिने मी वजनं लिहीत होते आणि त्या माझ्यासमोर बसून चघळत होत्या. माझ्या डोळ्यांदेखत. तेव्हा दोष वाटायचा असेल तर माझा वाटा मोठा आहे. पण यात कुणाचंच वाईट करायचं मनात नव्हतं, आणि जिच्यावर आळ घेतला तिचा तर वाटाच नाही."

इसाउरोने खिशातून तक्रारीचा कागद काढला आणि चुलीत टाकला.

विल्बेर लांदीपाशी गेला.

"तू मला एकदा तरी विचारायचं होतंस," लांदी म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. "हो किंवा नाही, एवढंच. मी काय सांगितलं असतं ते नंतरचं. पण विचारायचं होतंस."

ती आत गेली आणि कापडी पिशवी भरायला लागली.

७

शनिवारी सकाळी ओब्दुलिया गाडीच्या थांब्यावरून जात होती, तर लांदी सोमवारसारखीच तिथल्या बाकावर बसलेली. आईकडे निघाली होती, महिनाभरासाठी. या वेळी आपण होऊन. परत यायचं की नाही ते तिकडे ठरवणार होती. विल्बेर बाजूला उभा होता, तिची पिशवी हातात धरून. ती त्याने मागून घेतली होती, आणि लांदीने दिली होती. तेवढंच.

मग वळणावरून दोन्या मार्सियाना येताना दिसली. सणासुदीला घालते तो फुलांच्या कशिद्याचा पांढरा झगा अंगावर, तो आता चार बोटं सैल झालेला. तात निकासिओने एका बाजूने हात धरलेला. थांब्यावर दहा-बारा माणसं होती, बाजाराला निघालेली.

"कुठे निघालात, दोन्या?" ओब्दुलियाने विचारलं. "तुम्हाला अजून विश्रांती घ्यायची आहे."

"हिच्या आईकडे."

लांदी उठून उभी राहिली. "तिकडे कशाला? तिकडेही मला..."

"तिकडेही बातमी पोचली असेल ना? मी विषाचं नाव घेतलं ते काही कानात घेतलं नव्हतं. भर अंगणात घेतलं. तुझ्या गावात तुझी आई चार बायकांमध्ये पाण्याला कशी जात असेल, या विचाराने मला रात्रभर झोप नाही." दोन्या मार्सियाना धापा टाकत बाकावर बसली. "मीच जाऊन सांगायला हवं. तिच्या दारात, शेजारणींना ऐकू जाईल असं. तुझ्याबरोबर येऊ देशील का, की मागच्या गाडीने येऊ?"

लांदी तिच्याजवळ बाकावर बसली.

"शेजारणींना ऐकायला कमी येतं," ती म्हणाली. "मोठ्याने सांगावं लागेल."

गाडी आली. लांदी आधी चढली, आत वाकून बसली, आणि मग मागे वळून तिने सासूला वर घ्यायला हात पुढे केला.

"अगं, मला मोठ्याने बोलता येतं का, हे तू मला विचारतेस?" दोन्या मार्सियाना तो हात धरत म्हणाली, आणि पायरीवर पाय ठेवताच, अजून थांब्यावरच, तिने गाडीतल्या सगळ्या उतारूंकडे तोंड करून सुरुवात केली, "ऐका हो, ही माझी सून लांदी..."

ओब्दुलिया थांब्यावर उभी राहून ऐकत होती. गाडी हलली, वळणापर्यंत गेली, तरी तो आवाज येतच होता.